एचआयव्हीच्या निदानानंतर: रक्ताचे बदलते आकडे कसे वाचायचे

मागच्या वेळी सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ४१० होता, आता ३४० आलाय. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा आकडा) ०.९ वरून १.१ वर गेलं आणि शेजारी ठळक ‘एच’, म्हणजे ‘हाय’, छापलाय. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ‘सापडला नाही’ असा होता, तो यंदा ७२ दाखवतोय. ठाण्यात किंवा नवी मुंबईत एआरटी केंद्रावर (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रावर) नव्याने नाव नोंदवलेल्यांचे बरेचसे प्रश्न याच तऱ्हेचे असतात. आमचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: एका कागदावरून काही ठरवू नका, आधीचे दोन-तीन कागद शेजारी ठेवा. ते कसं करायचं, कोणता आकडा किती हलला तर लक्ष द्यायचं आणि कोणता हलला तरी सोडून द्यायचा, ते पुढे लिहिलं आहे. औषध बदलणं, थांबवणं किंवा वाढवणं हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

पहिलं काम: एक वही

दोनशे पानी साधी वही चालेल. आडवे रकाने आखा: तारीख, रक्त दिल्याची वेळ, लॅब, सीडीफोर (आकडा आणि टक्के दोन्ही), व्हायरल लोड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, एसजीपीटी (यकृताची तपासणी), साखर, वजन. शेवटचा रकाना रुंद ठेवा आणि त्याला नाव द्या ‘त्या पंधरवड्यात काय झालं’. ताप, जुलाब, लस, स्टेरॉइडचं इंजेक्शन, दातदुखीच्या गोळ्या, नवीन काढा, गावी गेल्यामुळे चुकलेले डोस, नाईट शिफ्ट, सगळं त्यात जाऊ द्या. अर्ध्याअधिक ‘विचित्र’ रिपोर्टांचा उलगडा याच रकान्यात होतो. नेमका हाच रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात.

केंद्राकडून मिळालेलं पुस्तक, म्हणजे ग्रीन बुक, वेगळं सांभाळा. त्यात तुमचा एआरटी नंबर असतो. खासगी लॅबचे पीडीएफ मोबाइलवरच राहिले की मोबाइल बदलताना हरवतात, म्हणून आकडे हाताने वहीत उतरवून घ्या. लॅबला नंबर देताना तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात जाणारा नाही ना, हेही पाहा. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ तुमची माहिती गोपनीय ठेवायला सांगतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चुकीच्या माणसाने उघडलेला रिपोर्ट कोणताही कायदा परत मिटवू शकत नाही.

पुन्हा करू नये अशी तपासणी

आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) वेगवेगळ्या तीन किटवर तपासून निदान पक्कं झालं की अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधणाऱ्या चाचणीचं काम संपतं. तरी काही जण सहा महिन्यांनी खासगी लॅबमध्ये ‘एचआयव्ही एक व दोन’ पुन्हा करून घेतात आणि त्यावरच्या इंडेक्स व्हॅल्यूची मागच्या व्हॅल्यूशी तुलना करतात. तो आकडा विषाणू किती आहे ते सांगत नाही. गोळ्या कितीही चांगल्या लागू पडल्या तरी अँटिबॉडी रक्तात राहतात आणि चाचणी पॉझिटिव्हच येते. हे पैसे वाचवा.

पहिल्या दिवशीचे आकडे

सुरुवातीला सीडीफोर, हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन, एसजीपीटी, साखर, लघवी, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिसची चाचणी आणि क्षयरोगाची चौकशी होते. सरकारी केंद्रात सुरुवातीलाच व्हायरल लोड करतीलच असं नाही. ‘माझा केलाच नाही’ म्हणून घाबरू नका. गोळ्या सुरू होण्याआधी विषाणू रक्तात असणारच. आपल्याला उत्सुकता आहे ती सहा महिन्यांनंतरच्या आकड्याची.

एक जुना समज अजून ऐकू येतो: ‘सीडीफोर चांगला आहे, मग गोळ्या कशाला?’ २०१७ पासून भारतात सीडीफोर कितीही असला तरी निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार द्यायचं धोरण आहे. आता या आकड्याचं काम वेगळं आहे. शरीराचं किती नुकसान झालंय आणि कोणती जादा काळजी घ्यायची, हे तो सांगतो. २०० च्या खाली असेल तर आजार पुढच्या टप्प्यात गेलाय असं धरतात आणि क्षयरोग, मेंदूभोवतीचा बुरशीचा संसर्ग वगैरे शोधायच्या चाचण्या वाढवतात. साधारण ३५० च्या खाली असेल तर इतर संसर्ग टाळणारी कोट्रायमोक्साझोलची गोळीही जोडीला मिळते. ती मनाने बंद करू नका. ती कधी थांबवायची तेही सीडीफोर वर येऊन टिकतो का, यावरच ठरतं.

सीडीफोर: हलणारा आकडा

निरोगी माणसाचा सीडीफोर साधारण ५०० ते १५०० पेशी प्रति घन मिलिमीटर असतो. हा पट्टा इतका रुंद आहे, कारण आकडा दिवसभरातही बदलतो: सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. सर्दी-ताप झाला, डेंग्यू झाला, स्टेरॉइड घेतलं, गरोदरपणात रक्त पातळ झालं, की तो घसरतो. म्हणूनच आकडा सुमारे ३० टक्क्यांहून जास्त हलला तरच तो खरा बदल मानायचा, आणि तोही पुन्हा तपासून. ४१० चा ३४० झाला म्हणजे १७ टक्क्यांची घट. वहीत लिहा आणि सोडून द्या.

हा आकडा इतका का डोलतो, ते एका हिशोबात दिसतं. समजा जूनमध्ये पांढऱ्या पेशी ६०००, त्यात लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे १८००. त्यातले सीडीफोर २० टक्के, म्हणजे ३६०. डिसेंबरमध्ये पांढऱ्या पेशी ४८००, लिम्फोसाइट २५ टक्के, म्हणजे १२००. सीडीफोर तेच २० टक्के, म्हणजे २४०. आकडा एक तृतीयांशाने पडला, रिपोर्ट पाहून माणूस हादरला, पण सीडीफोरचा वाटा जागचा हलला नाही. पडल्या त्या एकूण पांढऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट, बहुधा एखाद्या विषाणूजन्य तापाने. त्यामुळे टक्के दिले असतील तर आधी तेच पाहा. ते आकड्यापेक्षा स्थिर असतात. ढोबळ मानाने १४ टक्के म्हणजे २०० च्या आसपास आणि २९ टक्के म्हणजे ५०० च्या आसपास.

गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात ५० ते १५० पेशींची वाढ चांगली मानतात. त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांतच होते. नंतर वेग मंदावतो आणि पुढे आकडा एका पातळीवर येऊन थांबतो. ८० वरून सुरुवात झालेल्याने ७०० वाल्याशी बरोबरी करू नये. उशिरा निदान झालं किंवा वय जास्त असलं, तर व्हायरल लोड पूर्ण दबूनही सीडीफोर २५०-३०० वर रेंगाळू शकतो. त्यासाठी ‘सीडीफोर वाढवणारं’ टॉनिक नाही. पपईच्या पानांचा रस, गुळवेल, महागड्या पावडरी यांवर लोक महिन्याला हजारो रुपये घालतात. विषाणू दाबून ठेवणं आणि लागेल तितका वेळ देणं, एवढंच हातात असतं.

सीडीफोर ३५० च्या वर आणि त्याच वेळी व्हायरल लोड दबलेला असला की केंद्र सीडीफोर करणं थांबवतं. हे दुर्लक्ष नव्हे. तिथून पुढे त्या आकड्यातून नवं काही कळत नाही. ‘मला दर सहा महिन्यांनी हवाच’ म्हणून बाहेरून करून घेतलात, तर हाती येतो तो फक्त डोलणारा आकडा आणि काळजी.

व्हायरल लोड: खरी उत्तरपत्रिका

गोळी काम करतेय का, याचं उत्तर व्हायरल लोड देतो. सरकारी कार्यक्रमात तो उपचार सुरू झाल्यापासून सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि नंतर वर्षातून एकदा, मोफत होतो. सध्या बहुतेक नवीन रुग्णांना मिळणारी टीएलडी ही रोज एकदा घ्यायची एकच गोळी आहे: टेनोफोवीर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रावीर ५०. डोल्युटेग्रावीर विषाणू झपाट्याने खाली आणतं. लाखाच्या घरातला आकडा काही आठवड्यांत शंभर पटींनी उतरतो आणि तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांचा ५० च्या खाली जातो. सुरुवात पाच-दहा लाखांपासून असेल तर थोडा उशीर लागतो.

इथे वजाबाकी करायची नाही, पट पाहायचे. रिपोर्टवरचा ‘लॉग’ त्यासाठीच असतो: १००० म्हणजे लॉग ३, १०,००० म्हणजे ४, १,००,००० म्हणजे ५. म्हणजे एकापुढची शून्यं मोजायची. अर्ध्या लॉगपेक्षा कमी, म्हणजे साधारण तिपटीच्या आतला फरक हा चाचणीचाच हेलकावा असू शकतो. ४०,००० चे २०,००० झाले म्हणून पेढे नकोत आणि २०,००० चे ४०,००० झाले म्हणून रडायला नको. १,००,००० चे ५०० झाले तर मात्र ती खरी घसरण.

आकडा लहान झाला की शब्द नीट वाचा. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ म्हणजे मशिनला काहीच सापडलं नाही. ‘२० पेक्षा कमी’ म्हणजे काहीतरी जाणवलं, पण मोजण्याइतकं नाही. दोन्ही उत्तम. ही खालची मर्यादा मशिनगणिक बदलते, कुठे २० तर कुठे ४०. म्हणून मागचा रिपोर्ट ‘२० पेक्षा कमी’ आणि या लॅबचा ‘४० पेक्षा कमी’ आला तर आकडा दुप्पट झाला असं नव्हे. मशिन बदललं. शक्यतो तीच लॅब धरून ठेवा.

एकदाच ५० ते २०० च्या दरम्यान उडी आणि पुढच्या वेळी पुन्हा खाली, याला ब्लिप म्हणतात. वर विचारलेला ७२ चा आकडा बहुधा हाच. गोळ्या नियमित असतील तर ब्लिपने काही बिघडत नाही. तोच आकडा दोन-तीनदा २०० च्या वर येत राहिला तर डॉक्टरांना दाखवून पुन्हा तपासणीची तारीख मागा. सरकारी कार्यक्रमाची अपयशाची रेषा १००० वर आहे. आकडा १००० किंवा त्याहून वर आला तरी लगेच औषध बदलत नाहीत. आधी समुपदेशक डोस कुठे चुकतात ते शोधतात, साधारण तीन महिने गोळ्या काटेकोर घ्यायला लावतात आणि मग पुन्हा तपासतात. हे बरोबर आहे. डोल्युटेग्रावीरला विषाणू सहजी दाद देणं बंद करत नाही. आकडा वाढण्यामागे बहुतेक वेळा गोळी पोटात न जाणं किंवा जाऊनही रक्तात न उतरणं हेच असतं.

‘रक्तात न उतरणं’ या भागाकडे कोणी पाहत नाही. डोल्युटेग्रावीर पोटात कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियमला चिकटतं आणि शरीरात शोषलं न जाता बाहेर पडतं. डायजीन, जेलुसिलसारखी आम्लपित्ताची औषधं, रक्तवाढीच्या गोळ्या, मल्टिव्हिटामिन हे सगळे त्यात आले. आयुर्वेदिक औषधांतलं शंखभस्म म्हणजे कॅल्शियमच आणि मंडूर भस्म म्हणजे लोह. नियम सोपा: टीएलडी यांच्या दोन तास आधी घ्या किंवा सहा तासांनंतर. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी भरपेट जेवणासोबत असेल तर टीएलडी तिच्याबरोबर चालते, आम्लपित्ताच्या औषधाबरोबर मात्र नाही. फिटच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन या गोळ्या आणि क्षयरोगाचं रिफाम्पिसिन डोल्युटेग्रावीरची पातळी खाली ओढतात. रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्रावीर ५० मिलिग्रॅमचा जादा डोस बारा तासांनी देतात. क्षयरोगाची औषधं दुसऱ्या दवाखान्यातून सुरू झाली असतील, तर एआरटी केंद्राला त्याच दिवशी कळवा.

रबाळे-महापे पट्ट्यातल्या पाळ्या किंवा वाशीच्या मार्केटमधली पहाटेची कामं, यांत गोळीची वेळ दर आठवड्याला सरकते. ‘रात्री झोपताना’ ही वेळ पाळी बदलली की कोलमडते. टीएलडी दिवसा घेतली तरी चालते, काहींना तर सकाळी घेतल्यावर झोप चांगली लागते. घड्याळाची अशी एक वेळ ठरवा, जी तिन्ही पाळ्यांत जागेपणीच येते. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी एखादी चुकली तर निभावतं. दोन किंवा जास्त चुकू लागल्या तर ते नियमित धरत नाहीत. केंद्रावर जाताना उरलेल्या गोळ्यांची बाटली घेऊन जा आणि मोजून खरं ते सांगा. चुकलेले डोस लपवले, तर आकडा वाढल्याचं कारण सापडणार नाही.

विषाणू सापडत नसेल तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासांत २०० च्या खाली लोड असलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला संसर्ग झाल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही. ही हमी स्तनपानाला किंवा सुईला लागू नाही. आणि ‘सापडत नाही’ म्हणजे बरा झालो, असाही अर्थ नाही. गोळी बंद केली की विषाणू काही आठवड्यांत परत येतो.

क्रिएटिनिन: दोन कारणं, दोन अर्थ

टीएलडी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन ०.१ ते ०.२ ने वर जाणं अपेक्षितच असतं. डोल्युटेग्रावीर क्रिएटिनिन लघवीत सोडणारी एक वाट अडवतं. मूत्रपिंडाची गाळणी शाबूत असते, फक्त रक्तातला आकडा वाढतो. कोट्रायमोक्साझोलही असंच करतं. हा आकडा एकदा वाढून तिथेच थांबतो.

टेनोफोवीरचा त्रास वेगळा. तो क्वचित होतो, पण खरा असतो, आणि त्यात आकडा हळूहळू चढत राहतो. लघवीत प्रथिनं दिसतात, कधी रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर येते. म्हणून क्रिएटिनिनच्या जोडीला लघवीची साधी तपासणी हवीच.

नुसतं क्रिएटिनिन पुरेसं नसतं. मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर गाळतं (क्रिएटिनिन क्लिअरन्स), याचा अंदाज असा काढा: (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बायकांसाठी उत्तर गुणिले ०.८५. वय ४५, वजन ५४ किलो, पुरुष: क्रिएटिनिन १.० असेल तर उत्तर ७१, १.२ असेल तर ५९. दोन्ही वेळा रिपोर्टवर काही ‘एच’ दिसणार नाही, कारण पुरुषांसाठी १.२ बहुतेक लॅबच्या मर्यादेतच बसतं. बारीक अंगाच्या माणसांनी हा हिशोब मुद्दाम करावा. उत्तर ५० च्या खाली असेल तर टेनोफोवीर चालू ठेवायचं की बदलायचं, हा प्रश्न डॉक्टरांकडे न्यायलाच हवा.

आकडा वर नेणाऱ्या बाकीच्या गोष्टी: उन्हातलं काम आणि कमी पाणी, जिमची क्रिएटिन पावडर, आदल्या रात्रीचं भरपूर मटण, आणि मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. शेवटच्या गोष्टीने मूत्रपिंडाला खरी इजा होते, टेनोफोवीर चालू असताना जास्तच. अंगदुखीला पॅरासिटामॉल घ्या.

बाकीचे रकाने

एसजीपीटी थोडं वर असलं तर दारू, क्षयरोगाची औषधं आणि काढे आधी तपासा. मर्यादेच्या तिप्पट आणि सोबत कावीळ किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडी त्यावरही उपचार करत असते. ती अचानक बंद केली तर यकृत भडकू शकतं.

साखर पहिल्या काही महिन्यांत चढू शकते. मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्रावीरसोबत दिवसाला १००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, त्यामुळे मधुमेहाच्या डॉक्टरांना टीएलडीबद्दल माहीत असायला हवं. सिफिलिसच्या व्हीडीआरएलमध्ये एका पायरीचा फरक (१:८ चा १:४) धरत नाहीत. १:३२ वरून १:८, म्हणजे चौपट घट, हा खरा उतार. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं दुसरं औषध घेणाऱ्यांच्या सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) १०० च्या वर दिसतो. तो औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, पण सोबत हिमोग्लोबिन घसरत असेल तर लगेच दाखवा.

रक्त द्यायच्या दिवशी

सीडीफोर आणि व्हायरल लोडसाठी उपाशी राहावं लागत नाही. साखर आणि लिपिडसाठी (रक्तातल्या चरबीसाठी) ८ ते १२ तास. गोळी नेहमीच्या वेळी घ्या. ‘तपासणी आहे म्हणून आज घेतली नाही’ हे अगदी नेहमी घडतं आणि त्याचा काहीही उपयोग नसतो. आजारपण गेल्यावर किंवा लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे थांबून सीडीफोर आणि व्हायरल लोड द्या, नाहीतर निदान कागदावर तसं लिहून घ्या. दर वेळी साधारण तीच वेळ ठेवा.

दोन्ही चाचण्यांचं रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि लगेच हळुवार उलटंपालटं करतात. तसं केलं नाही तर गाठी होतात आणि नमुना वाया जातो. व्हायरल लोडसाठी २४ तासांच्या आत प्लाझ्मा (रक्ताचा पेशी सोडून उरलेला पातळ भाग) वेगळा करावा लागतो. सीडीफोरची ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची नसते आणि उन्हातही नाही. घणसोलीत सकाळी घरून घेतलेली ट्यूब मे महिन्यात दुपारपर्यंत बाइकच्या डिकीत फिरली, तर त्या आकड्याला काय अर्थ? घरून नमुना देणार असाल तर तो मुख्य लॅबमध्ये कधी पोहोचतो ते विचारा आणि शनिवारी संध्याकाळी देणं टाळा.

आकडा खटकला तर, या क्रमाने

आधी नाव, वय, तारीख आणि एकक तपासा. मग वहीचा शेवटचा रकाना. मग व्हायरल लोड: तो दबलेला असेल तर सीडीफोरच्या घसरणीची घाई नाही. मग गोळ्यांची मोजणी आणि नवीन औषधांची यादी. एवढं घेऊन केंद्रात जा आणि विचारा: ‘हे पुन्हा तपासायचं का, आणि कधी?’ ठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय आणि वाशीचं महापालिकेचं रुग्णालय इथे एआरटी केंद्रं आहेत. घराजवळचं केंद्र १०९७ या मोफत हेल्पलाइनवर कळतं.

काही वेळा रिपोर्टची वाट पाहायची नाही. दोन आठवड्यांहून जुना खोकला, रात्रीचा घाम, न थांबणारा ताप, वजनाची घसरण, असह्य डोकेदुखी, नजर धूसर होणं, धाप, कावीळ. विशेषतः उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत. सीडीफोर वर येऊ लागला की शरीराची जागी झालेली प्रतिकारशक्ती दडलेल्या क्षयरोगावर तुटून पडते, गाठी सुजतात, ताप भरतो. आकडे सुधारत असताना माणूस आजारी पडतो तो असा. अशा वेळी टीएलडी स्वतःहून थांबवू नका, बाटली आणि वही घेऊन केंद्र गाठा.

घर बदलून डोंबिवलीहून पनवेलला किंवा कायमचं गावी जाणार असाल, तर आधी ट्रान्सफरचं पत्र घ्या, शेवटच्या व्हायरल लोडची प्रत मागून घ्या आणि हातात निदान महिन्याभराच्या गोळ्या असतानाच नवीन केंद्रात नाव घाला.